तालुक्याच्या दुकानातला १२ नळ्यांचा जलरंग संच

चाळिशीत ब्रश हाती घेणाऱ्याला तालुक्याच्या स्टेशनरी दुकानातला ५ मिलीच्या १२ नळ्यांचा संच पुरेसा आहे. त्यातले अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळले की पऱ्हाटीच्या रानातल्या काळ्या मातीसाठी सुंदर करडा मिळतो; काळी नळी लागतच नाही. सोबतच्या ब्रशचे केस गळतात, ८ नंबरचा गोल सिंथेटिक वेगळा घ्या. खरी अडचण कागदाची. साध्या ड्रॉइंग कागदाला पाणी लागले की फुगवटे येतात, रंग खळग्यांत साचतो. ३०० जीएसएमचाच (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कागद घ्या, महाग वाटला तर चार तुकडे करा. वैशाखात आपल्याकडे वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, अर्ध्यातच वाळतो अन् कडा उमटतात. म्हणून कागद दोन्ही बाजूंनी भिजवा, सकाळी लवकर बसा, कूलरच्या झोतात तर मुळीच नको.