पायाच्या ऑपरेशननंतरचा नर्व्ह ब्लॉक: काम एक नंबर, पण उतरतो तेव्हाचं आधी विचारून ठेवा

अंगठ्याच्या बुडाशी वाढलेल्या हाडाचं ऑपरेशन होतं माझं, हाड कापून सरळ करून स्क्रू टाकतात त्यात, म्हणजे नंतर ठणकणार हे ठरलेलंच. भूलतज्ज्ञ म्हणाल्या सोनोग्राफीवर बघून ब्लॉक देऊ, म्हणजे नसेभोवती औषध सोडून पाऊल बधिर करू, दुखण्याचं टेन्शन घेऊ नका.

गुडघ्याच्या मागे लवणीच्या जरा वर जेल लावून प्रोब फिरवला. मला स्क्रीन दिसत होती, नस मधाच्या पोळ्यासारखी ठिपक्याठिपक्यांची, शेजारी रक्तवाहिनी धडधडतेय, आणि सुई कुठवर आली ते चक्क दिसतं. औषध नसेच्या आत नाही, भोवती सोडतात, आणि तेही थोडं थोडं, मधेमधे मागे ओढून बघत की रक्त तर येत नाही ना, कारण ते औषध थेट रक्तात गेलं तर हृदयाला आणि मेंदूला त्रास होऊ शकतो. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी वेगळ्या नसेकडे असते म्हणून मांडीत आणखी एक टोचणी. टोचताना दुखतं, पण फार नाही. मग पाय गरम, मुंग्या, आणि थोड्या वेळात पाऊल माझं नाहीच! अंगठा हलव म्हटलं तरी ढिम्म.

ऑपरेशननंतर शून्य दुखणं, खरंच शून्य, मस्त जेवले झोपले. इथपर्यंत पाचपैकी पाच.

मार्क कापतेय ते पुढच्यासाठी. बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन असल्या औषधांचा हा ब्लॉक साधारण 12 ते 24 तास टिकतो आणि उतरतो तो बऱ्याचदा नेमका रात्री. उतरताना दुखणं हळूहळू वाढेल असं वाटतं ना, तसं नसतं, एकदम उसळी मारून येतं, डॉक्टर लोक त्याला रिबाउंड पेन म्हणतात. त्यावर उपाय एवढाच की दुखायची वाट न बघता डॉक्टरांनी दिलेली गोळी ब्लॉक चालू असतानाच घ्यायची, म्हणजे उतरेपर्यंत तिचा असर सुरू झालेला असतो. पण हे मला वॉर्डात एकानेही सांगितलं नाही, डिस्चार्जच्या कागदावर नुसतं 'दुखल्यास गोळी'! अहो दुखल्यावर घेऊन काय उपयोग, ती चढेपर्यंत माणूस छताकडे बघत कण्हत बसतो.

अजून एक, पाऊल बधिर असेपर्यंत लोंबकळतं, त्यावर भार देऊन उठलात तर पडलातच. टाच एकाच जागी दाबून ठेवू नका, गरम पिशवी तर अजिबात नको, चटका बसला तरी कळणार नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा शुगरमुळे पायाला आधीच बधिरपणा असेल तर आधीच सांगा.

आणि ऑपरेशन फक्त पुढच्या भागाचं असेल तर घोट्यापाशी द्यायचा ब्लॉक चालेल का हेही विचारा, त्यात पाच नसा बधिर कराव्या लागतात पण घोटा वरखाली करता येतो, वॉकर घेऊन बाथरूमला जायला बरं पडतं.