व्हांगानुईवर तीन दिवस कनू: नदी सोपी, काठ अवघड

न्यूझीलंडच्या संवर्धन खात्याने 'ग्रेट वॉक' म्हणून राखलेल्या मोजक्या वाटांपैकी व्हांगानुई नदीची ही एकच चालायची नाही, कनूतून (लांबट, अरुंद होडीतून) वल्हवायची. तौमारुनुई ते पिपिरिकी १४५ किमी, पाच दिवस. किंवा मधल्या व्हाकाहोरोपासून ८८ किमी, तीन दिवस. पहिल्यांदा जाणाऱ्याने तीन दिवसांचीच घ्यावी. दरीचे उंच कडे आणि दाट जंगल या खालच्या भागात आहे. गोम एकच: वरचे ५७ किमी सोडले की खळाळांचा सराव होत नाही, आणि इथले जोरकस खळाळ नेमके शेवटच्या दिवशी, खांदे भरून आल्यावर येतात.

१ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या हंगामात रात्रीच्या मुक्कामाचं आरक्षण आधी करावंच लागतं. खात्याची व्यवस्था चोख आहे. झोपड्यांत गाद्या आणि हंगामात गॅसच्या शेगड्या असतात, पातेली मात्र आपली. तंबूच्या जागी शेगडीही आपलीच. पाणी उकळूनच प्यायचं. खिचडीसाठी माणशी ६० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम मूगडाळ धरा. दिवसभर वल्हवल्यावर याहून कमी पुरत नाही. भारतातून येताना मेतकूट-भाजणी आणणार असाल तर विमानतळावर खाण्याचा प्रत्येक जिन्नस जाहीर करा. नाहीतर ऑकलंडच्या भारतीय दुकानांतून घ्या, डोक्याला ताप नाही.

कनू भाड्याने देणारे वेगळे, खासगी. दोघांची कनू, वल्ही, लाइफ जॅकेट, सामान कोरडं ठेवायची प्लॅस्टिकची पिंपं आणि गाडीने ने-आण असा साधारण सौदा असतो. दर्जा मात्र सगळीकडे सारखा नाही. ताब्यात घेताना प्रत्येक पिंपात तांब्याभर पाणी घाला, कडी लावा आणि उलटं करा. थेंब आला तर झाकणाचं रबर गेलंय किंवा त्यात वाळू अडकलीय. पुसून पुन्हा बघा, नाहीतर दुसरं मागा. तरीही स्लीपिंग बॅग वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधूनच आत ठेवा. जादा वल्हं आणि दोन्ही टोकांना लांब दोर आहेत ना, तेही तपासा. या दोन गोष्टी मागितल्याशिवाय मिळत नाहीत, असं बरेचदा होतं.

जड पिंपं मधोमध, तळाशी. हलकी दोन्ही टोकांकडे. सगळी कनूला बांधलेली हवीत. पुढचा भाग जड झाला की कनू वळता वळत नाही आणि मागचा माणूस उगाच शिव्या खातो.

पाण्यात लोक उलटतात ते लाटांमुळे कमी, भोवऱ्याच्या कडेला जास्त. वेगाची धार आणि काठचं संथ पाणी जिथे भेटतं तिथे कनूचं एक टोक थांबतं, दुसरं पुढे ओढलं जातं आणि बसणारा घाबरून उलट्या बाजूला झुकतो. संथ पाण्यातून धारेत शिरताना प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे खालच्या बाजूला झुका. खडकावर आडवे लागलात तर खडकाकडेच झुका. पडलातच तर कनूच्या वरच्या बाजूला राहा, पाय पुढे आणि पाण्यावर. पाणी भरलेली कनू आणि खडक यांच्यामध्ये सापडू नका. न्गापोरो आणि ऑटापू हे शेवटच्या दिवशीचे खळाळ. ऑटापूला 'फिफ्टी-फिफ्टी' म्हणतात, कारण निम्मे लोक तिथे भिजतात.

खरा घाम मात्र काठावर निघतो. इथला 'पापा' नावाचा मऊ खडक ओला झाला की साबणासारखा. पहिल्या मुक्कामाच्या जॉन कोल झोपडीला पोचेपर्यंत ३७.५ किमी झालेले असतात आणि मग सगळी पिंपं उंचावर चढवायची. म्हणून मोठी तीन भरण्यापेक्षा लहान सहा बरी. रात्री कनू पूर्ण बाहेर ओढून, पालथी घालून झाडाला बांधा. वर कुठेतरी पाऊस पडला तर पाणी रातोरात काही मीटर चढतं, इथे आकाश निरभ्र असलं तरी.

मांगापुरुआच्या धक्क्यावर कनू लावायला जागा जेमतेम. दुसऱ्यांच्या ओल्या कनूंवर पाय देत उतरावं लागतं. तिथून 'ब्रिज टू नोव्हेअर' चाळीस मिनिटांवर. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांना इथे जमिनी दिल्या, त्यांच्यासाठीचा हा पूल पूर्ण झाला १९३६ मध्ये आणि १९४२ पर्यंत वस्तीच उठली. जरूर बघा.

दुसरा मुक्काम तिएके काइंगा हा माओरी मराए, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं सभास्थान आहे. स्वागताचा विधी झाला तर शांतपणे सामील व्हा. दारू चालत नाही. २०१७ मध्ये कायद्याने या नदीला व्यक्तीचा दर्जा मिळाला. उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला तो दिला तोही त्याच वर्षी, पण सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

तिएके ते पिपिरिकी २१.५ किमी. न्यायला येणारी गाडी ठरल्या वेळी निघते, वाटेत फोनला रेंज नाही, आणि दुपारी वारा समोरून येऊ शकतो. सकाळी लवकर निघा.