क्वीनचे व्हिडिओ: पहिला संच की दुसरा?

सात रस्त्याजवळ राहणारा भाचा अडलाय. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या गाण्यांच्या व्हिडिओंचा ‘ग्रेटेस्ट व्हिडिओ हिट्स’ हा डीव्हीडी संच: २००२चा पहिला घ्यावा की २००३चा दुसरा? पैसे एकाचेच आहेत.

डिस्क दोन्हींत दोन-दोन. गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर यांची कॉमेंट्रीही दोन्हींत.

खरा फरक चित्रांत. पहिल्यात मुख्यतः सत्तरचं दशक, बरंचसं नुसतं स्टेजवरचं वाजवणं. पण १९७५ची ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ त्यातच! अंधारातले ते चार चेहरे बघताना माझी कडक भाकरी अन् शेंगाचटणी हातातच राहते. दुसऱ्यात ऐंशीचा थाट आणि थट्टा: मिशीवाला गायक फ्रेडी स्कर्ट घालून व्हॅक्युम क्लीनर फिरवतो.

आवाजाचं म्हणशील, भाच्या, तर तुझ्या टीव्हीच्या स्पीकरवर डोंबल फरक कळणार!

गिटार शिकतोयस तर पहिला घे. आजीसोबत बघणार असशील तर दुसरा. ती त्या स्कर्टवर पोट धरून हसेल.