सिंगल अ‍ॅक्शन की डबल अ‍ॅक्शन? कोकणातल्या घरासाठी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला की माणूस आधी किंमत विचारतो, मग कंपनी. माझं म्हणणं, आधी चाप (ट्रिगर) कसा आहे ते विचारा. हत्यार घरात किती निर्धास्तपणे राहील, हे बरंचसं त्यावर ठरतं.

सिंगल अ‍ॅक्शनचा चाप एकच काम करतो: चढवलेला घोडा, म्हणजे काडतुसावर आघात घडवणारा मागचा हातोडा, सोडतो. पहिल्या बारासाठी घोडा अंगठ्याने चढवायचा, किंवा स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून. पिस्तुलात पुढच्या बारांना स्लाइडच तो चढवत जाते. डबल अ‍ॅक्शनमध्ये चाप ओढला की त्याच ओढीत घोडा मागे जातो आणि सुटतो. १९११चं कोल्ट आणि १९३५चं ब्राउनिंग हाय-पॉवर ही सिंगल अ‍ॅक्शनची नावाजलेली पिस्तुलं. आपल्या लष्करासाठी ईशापूरला बनलेलं ९ मिमी पिस्तूल हाय-पॉवरचीच आवृत्ती. मात्र ९ मिमी सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही. आपली निवड मुख्यतः .३२ आणि .२२ (इंचांतली नळीची मापं) मध्ये.

नेमबाजीचाच विचार असेल तर सिंगल अ‍ॅक्शनला तोड नाही. चाप हलका, ओढ आखूड, त्यामुळे नेम ढळत नाही. २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल स्पर्धेत चापाचा किमान भार १००० ग्रॅम लागतो. डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला सहसा चार-पाच किलोंचा जोर लागतो आणि ओढही लांब असते.

घरासाठी मला हाच जड चाप हवा. आडबाजूच्या वाडीतलं घर, रात्री वीज गेलेली, छातीत धडधड: अशा वेळी हलक्या चापावर बोट नकळत दाबलं जाऊ शकतं. त्याहून मोठी भीती नंतरची. काहीच घडलं नाही, पण घोडा चढलेला आणि काडतूस भरलेलं. आता घामेजल्या अंगठ्याने तो हळूच खाली आणायचा. अंगठा सटकला की बार झालाच. डबल अ‍ॅक्शनमध्ये घोडा आधी चढवावाच लागत नाही, त्यामुळे हा प्रसंग सहसा येत नाही. सिंगल अ‍ॅक्शन पिस्तूल चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) रिकामं ठेवून सुरक्षित ठेवता येतं, हे खरं. पण मग वेळ आली की स्लाइड ओढायला दोन्ही हात मोकळे हवेत, आणि एका हातात बहुधा टॉर्च असतो.

दुसरं कारण आपल्या हवेचं. चार महिने पाऊस, बाकी वर्षभर खारा वारा. जुनी, दमट जागी राहिलेली काडतुसं दगा देऊ शकतात. रिव्हॉल्व्हरचं काडतूस फुटलं नाही तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं समोर येतं. पिस्तुलात स्लाइड ओढून ते बाहेर काढावं लागतं.

डबल-सिंगल पिस्तुलं मधली: पहिली ओढ जड, पुढच्या हलक्या. १९३८च्या वॉल्थर पी-३८ पासून ही पद्धत लष्करांत रुळली. नियमित सराव करणाऱ्याला ती जमते. वर्षातून एखाद्या वेळी बार काढणाऱ्याने दोन वेगळ्या ओढी हाताला कधी शिकवायच्या?

म्हणून घरासाठी माझं मत कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या .३२ सारख्या सहा काडतुसांच्या डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरला. शिवाय त्यावर सावकाश नेम धरायचा असेल तर घोडा अंगठ्याने चढवून सिंगल अ‍ॅक्शनसारखाही बार काढता येतो.

माकडं आणि रानडुकरं हा तुमचा खरा त्रास असेल तर मात्र यातलं काहीच घेऊ नका. पीकसंरक्षणासाठी १९५९च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या) बंदुकीची वेगळी तरतूद आहे. जनावरावर बार काढण्याआधी वनखात्याची परवानगी लागते, ते वेगळंच.

काहीही घेतलंत तरी चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. तेलाचा पातळ हात द्या आणि हत्यार मुलांच्या हाती लागणार नाही असं कुलपात ठेवा. निवडणुकीत ठाण्यात जमा करावं लागलं, तर परत आणल्याच दिवशी उघडून पुसा. आणि विकत घेण्याआधी, रिकामं असल्याची स्वतः खात्री करून, दुकानदाराच्या परवानगीने, सुरक्षित दिशेला नळी धरून चाप एका हाताने ओढून बघा. ओढताना नळी थरथरत असेल तर दुसरा नग मागा.