कॅपमध्ये जागा हवी: नकोसा करार सोडावा की पाव पगारात खेळाडू आणावा?

एनएचएलचे (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) नियम जसेच्या तसे लावून मित्रांमध्ये लीग चालवणाऱ्यांना ट्रेडची मुदत जवळ आली की हा पेच ठरलेला: कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, भरलेली आणि संघात एक सेंटर (मधल्या जागेवरचा फॉरवर्ड) कमी. वाटा दोन. नकोसा करार दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा आणि त्याबद्दल वर ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याची एक पाळी) द्यायचा. नाहीतर हवा तो खेळाडू आणायचा, पण त्याच्या पगाराचा वाटा जुन्या संघाकडेच ठेवायचा. टोरोंटोच्या संघाने दोन्ही करून पाहिलंय, आणि मी त्यांचा चाहता असल्यामुळे दोन्हींची किंमत मला पाठ आहे.

जून 2019. टोरोंटोच्या पॅट्रिक मार्लोच्या कराराचं एकच वर्ष उरलेलं, कॅपवर भार 62.5 लाख डॉलर. संघातल्याच मिच मार्नरचा नवा करार तोंडावर. मार्लोने तो करार पस्तिशी उलटल्यावर केलेला, त्यामुळे बायआउट (पैसे देऊन करार मोडणं) करूनही कॅपवरचा आकडा हलला नसता. शेवटी कॅरोलिनाने त्याला घेतलं, पण सोबत टोरोंटोचा 2020चा पहिल्या फेरीचा पिकही घेतला. त्या तेराव्या क्रमांकावर त्यांनी सेथ जार्विसला उचललं. एका वर्षाचं ओझं उतरवायला संघाने वर्षानुवर्षं खेळणारा फॉरवर्ड गमावला. मला हा सौदा आजही पटत नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये रायन ओ'रायली आला. त्याचा भार 75 लाखांचा. निम्मा त्याच्या जुन्या संघाने, सेंट लुईसने ठेवला, पाव मध्ये पडलेल्या मिनेसोटाने; टोरोंटोच्या कॅपवर पडले फक्त 18.75 लाख. मिनेसोटाला त्याबद्दल चौथ्या फेरीचा एक पिक मिळाला. सेंट लुईसला मात्र टोरोंटोने पहिल्या फेरीचा दिला, म्हणजे हेही स्वस्तात झालं नाही. पण प्लेऑफमध्ये (हंगामानंतरची बाद फेरी) टॅम्पाविरुद्ध तिसऱ्या सामन्यात मिनिटभर उरलं असताना त्याने बरोबरी साधली तेव्हा आमच्या घरात कुणी बसलेलं नव्हतं. 2004 नंतर टोरोंटोने पहिल्यांदा प्लेऑफची मालिका जिंकली. उन्हाळ्यात तो नॅशविलला गेला, तरी मी हाच सौदा पुन्हा करेन.

ही वाट धरण्याआधी नियम बघा. एका संघाला एका वेळी तीनच करारांचा पगार राखता येतो, तोही जास्तीत जास्त निम्मा आणि करार संपेपर्यंत. म्हणून हंगामाअखेर संपणारे करारच शोधा. चार वर्षांचा वाटा कुणी सहज उचलत नाही. शिवाय आता एकाच कराराच्या दोन रिटेन्शनमध्ये (पगार राखण्यात) नियमित हंगामाचे 75 दिवस जावे लागतात, त्यामुळे ओ'रायलीसारखा तिहेरी सौदा एका दिवसात होत नाही. मधला संघ हवा असेल तर हंगामाच्या सुरुवातीलाच बोलणी लावा.

करार सोडण्यासाठी पहिल्या फेरीचा पिक मात्र देऊ नका. कॅप 2024-25 मध्ये 8.8 कोटी डॉलर होती, पुढच्याच हंगामात 9.55 कोटी झाली. तुमची अडचण वर्षभरात हलकी होण्याची शक्यता बरीच आहे.

आणि तुमच्याकडे जागा रिकामी असेल, तर घेणारे व्हा. मॉन्ट्रियलने 2022 मध्ये शॉन मोनाहनला घेताना कॅलगरीकडून पहिल्या फेरीचा पिक मिळवला; 2024 मध्ये तोच मोनाहन विनिपेगला देताना आणखी एक.