कॅथलिक हायस्कूलचा क्रीडाविभाग आणि पावणेसहाची बस: तीन हंगामांनंतरचा अनुभव

मार्चच्या सुरुवातीला शाळेकडून ईमेल आला की, वसंत हंगामापासून संध्याकाळी पावणेसहाला सुटणारी लेट बस बंद करण्यात येत असून प्रॅक्टिसनंतर मुलांना घरी नेण्याची व्यवस्था पालकांनी स्वतः करावी. मजकूर दोन ओळींचा, त्याखाली ॲथलेटिक डायरेक्टरांचे, म्हणजे क्रीडाविभागाच्या प्रमुखांचे नाव आणि त्याही खाली फुटबॉलच्या मैदानावरील नव्या स्कोअरबोर्डसाठी देणगीचे आवाहन. हा अनुभव लिहायचा हे बरेच दिवस मनात होते. त्या आवाहनाने माझा आळस घालवला. मुलगी अजून तिथेच शिकत असल्यामुळे शाळेचे नाव देत नाही. न्यू जर्सीच्या मध्य भागातील, मुलामुलींची एकत्र, वर्षाची फी वीस हजार डॉलरच्या घरात असलेली कॅथलिक शाळा, एवढे पुरे. प्रवेशपरीक्षा, ओपन हाउस, गणवेश यांबद्दल ज्यांना माहिती हवी असते त्यांनी ती आधीच काढलेली असते, म्हणून त्यात शिरत नाही.

बसचे प्रकरण मात्र नीट सांगायला हवे, कारण ते ओपन हाउसमध्ये कोणी सांगत नाही. आपल्याकडे न्यू जर्सीत घरापासून अडीच मैलांहून दूर, पण वीस मैलांच्या आत असलेल्या ना-नफा खासगी हायस्कूलमध्ये मूल जात असेल, तर त्याच्या ने-आणीची जबाबदारी साधारणपणे गावच्या स्कूल डिस्ट्रिक्टवर, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेवर येते. त्यासाठी बी-सिक्स-टी नावाचा अर्ज शाळेमार्फत भरावा लागतो. ठरवून दिलेल्या खर्चाच्या मर्यादेत बस बसत नसेल, तर डिस्ट्रिक्ट पालकांना रोख रक्कम देते, आणि ती वर्षाकाठी हजार डॉलरच्या थोडीच वर असते. आम्हाला बस मिळाली आणि आम्ही खूश झालो. पण ही पिवळी बस शाळा सुटली की निघते. कायद्याला शाळा माहीत आहे, प्रॅक्टिस माहीत नाही. त्यामुळे जे मूल खेळते त्याची परतीची बस शाळेनेच स्वतःच्या खर्चाने चालवायची असते, आणि ज्या दिवशी हिशेब जुळत नाही त्या दिवशी शाळा ती बंद करू शकते. आमच्या शाळेने तेच केले. संध्याकाळच्या ट्रेनने मेट्रोपार्क स्टेशनला उतरणाऱ्या माणसाने पावणेसहाला शाळेच्या फाटकाशी कसे उभे राहायचे, हे मी डायरेक्टरांना फोनवर विचारले. अनेक पालक आनंदाने येतात, असे त्यांनी सांगितले. स्कोअरबोर्डविषयी विचारल्यावर तो निधी वेगळ्या खात्यातला आहे, असेही उत्तर मिळाले. असेल. खाती वेगळी असली तरी आमचा खिसा एकच आहे.

आता खेळाविषयी. प्रवेशद्वारापाशी काचेच्या कपाटात ट्रॉफ्या आहेत आणि पालकांना तिथूनच आत नेतात. न्यू जर्सीत कॅथलिक शाळांचा खेळांतील दबदबा जुना आहे. राज्य स्पर्धांच्या बऱ्याच खेळांत पब्लिक, म्हणजे सरकारी शाळा वेगळ्या आणि नॉन-पब्लिक शाळांचे ए व बी असे गट वेगळे असतात, त्यामागे हाही वाद आहे की, ज्या शाळेला गावाची हद्द नाही, जी कुठूनही मुले घेऊ शकते, तिने एका गावाच्या मुलांवर चालणाऱ्या शाळेशी का खेळावे. जर्सी सिटीच्या सेंट अँथनी हायस्कूलचे नाव बास्केटबॉलवाल्यांना सांगावे लागत नाही. बॉब हर्ली यांनी १९७२ पासून तिथल्या मुख्य संघाला शिकवले, हजाराहून अधिक सामने जिंकले आणि २०१० मध्ये त्यांचा समावेश बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये झाला. एवढ्या वर्षांत त्या शाळेकडे स्वतःची व्यायामशाळाही नव्हती. मुले बराच काळ बिंगो चालणाऱ्या एका सभागृहात सराव करीत. ती शाळा २०१७ मध्ये पैशांअभावी बंद पडली. कपाटातल्या ट्रॉफ्यांनी शाळेचा खर्च भागत नाही, हे या उदाहरणावरून मला फी भरण्याआधीच ठाऊक होते. स्कोअरबोर्डवाल्यांना ते कोणी सांगावे.

शिवाय ज्यांच्या मुलांना शाळा मागे लागून घेऊन जाते, त्यांच्यासाठी असे अनुभव लिहिले जात नाहीत. सचिन आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी आपल्याला तोंडपाठ आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर त्यांच्या शारदाश्रमविरुद्ध जी शाळा खेळत होती ती सेंट झेवियर्स, म्हणजे कॅथलिक शाळाच, आणि शारदाश्रमच्या ७४८ धावा होईपर्यंत तिच्या मुलांनी क्षेत्ररक्षण केले. माझी मुलगी त्या क्षेत्ररक्षकांच्या जातीची आहे. शाळेचा क्रीडाविभाग अशा मुलांचे काय करतो, एवढेच मला तपासायचे होते.

तिने शरद हंगामात क्रॉस कंट्री, म्हणजे मोकळ्या माळावरची लांब पल्ल्याची धाव घेतली, कारण सॉकर आणि व्हॉलीबॉलच्या ट्रायआउटमध्ये, म्हणजे निवडचाचणीत, नवख्या मुली कट होतात, संघाबाहेर राहतात, आणि क्रॉस कंट्रीत आमच्या शाळेत कोणालाच कट करीत नाहीत. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत माझे मत असे होते की, कट नाही म्हणजे लक्षही नाही. सगळ्यांना पळायला सोडायचे आणि पहिल्या सात जणींना शिकवायचे. तसे नव्हते. कोच शेवटच्या मुलीची वेळही स्टॉपवॉचवर घेत आणि प्रत्येकीला तिची मागच्या आठवड्याची वेळ तोंडी सांगत. हे गृहस्थ शाळेत इतिहास शिकवतात, वर्गात फार बोलत नाहीत असे ऐकते.

मग एका डुअल मीटला, म्हणजे दोनच शाळांमधल्या शर्यतीला, एक मुलगी पाय मुरगळून बाहेर बसली आणि आमची मुलगी व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य संघात, सातवी म्हणून धावली. या खेळाचे गणित मला तोवर कळले नव्हते. प्रत्येक संघाच्या पहिल्या पाच मुलींच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो. सहावी आणि सातवी मोजल्या जात नाहीत, पण त्या समोरच्या पाचवीच्या पुढे आल्या तर तिचा क्रमांक मागे सरकतो. त्या दिवशी आमच्या पाच जणी दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, सातव्या आणि नवव्या आल्या, बेरीज २८. समोरच्या चौघी पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या. आमची सहावी दहावी आली, आमची मुलगी अकरावी आणि त्यांची पाचवी बारावी, म्हणून त्यांची बेरीज २९. या दोघी मागे राहिल्या असत्या तर त्यांची पाचवी दहावी ठरली असती आणि सामना २७ विरुद्ध २८ असा त्यांनी जिंकला असता. निकालाच्या कागदावर आमच्या मुलीच्या नावापुढे गुणांची जागा रिकामी होती. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, ‘आई, माझे गुण धरलेच नाहीत, तरी आम्ही जिंकलो.’ कोचनी दुसऱ्या दिवशी ही सगळी आकडेमोड फळ्यावर मांडून दाखवली म्हणे. फीमधला एवढा भाग वसूल झाला, असे मी मानते.

शर्यती होतात त्या होमडेल पार्कमधल्या ‘बोल’ (वाडगा) नावाच्या उतार-चढावाविषयी जे ऐकले होते ते खरे निघाले. तिथे खाली उतरलेले मूल वर चढताना पाहायचे असेल तर सोबत पाण्याऐवजी धीर न्यावा. धावण्याआधी संघ गोलात उभा राहून ‘हेल मेरी’ ही कॅथलिक प्रार्थना म्हणतो. आमची मुलगीही डोके झुकवून उभी राहते. कोणी तिच्यावर सक्ती केली नाही आणि कोणी तिला वेगळे उभे राहायलाही सांगितले नाही. ज्यांना धर्माच्या सक्तीची शंका असते त्यांच्यासाठी लिहिले.

हिवाळ्याचा हंगाम बेताचा. इनडोअर ट्रॅक, म्हणजे छपराखालच्या धावण्याच्या शर्यती, याचे नाव मोठे, पण शाळेत ट्रॅक नाही. मुली दुपारी दुसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये धावतात, वळणावर एक शिक्षक उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवतो, आणि लादीवर धावून जानेवारीत तिच्या नडग्या दुखू लागल्या. शाळेच्या ट्रेनरने बर्फ आणि विश्रांती सुचवली, ती बाई कामाची आहे. मॅनहॅटनमधल्या आर्मरी नावाच्या बंदिस्त क्रीडागृहात २०० मीटरचा खरा, वळणांवर उचललेला ट्रॅक पाहून मुलगी हरखली. जाण्या-येण्याची बस शाळेने दिली होती, हेही नमूद करायला हवे.

कागदपत्रांचा जाच आहे, पण तो सरकारी आहे. वैद्यकीय तपासणी पहिल्या प्रॅक्टिसच्या आधीच्या ३६५ दिवसांतली लागते आणि तपासणाऱ्या डॉक्टरने हृदयतपासणीविषयीचे ठरलेले प्रशिक्षण घेतल्याची नोंद फॉर्मवर लागते. ऑगस्टआधी वेळ घ्या, नंतर बालरोगतज्ज्ञांकडे रांगा असतात. पालकांनी द्यायच्या सेवेच्या तासांना मात्र सरकार जबाबदार नाही. धावणाऱ्या मुलींच्या आयांनी शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या मैदानावर खिडकीत उभे राहून प्रेट्झेल आणि हॉट चॉकलेट विकायचे. फुटबॉलच्या पालकांना मी क्रॉस कंट्रीच्या मीटला कधी पाणी वाटताना पाहिले नाही. त्या खिडकीत जमलेल्या पैशांतून एका लेट बसचा खर्च किती महिने निघाला असता, हे विचारणारा ईमेल मी पाठवला आहे. उत्तर अजून आलेले नाही.

थोरली तिथेच राहील. तिला तो संघ सोडायचा नाही आणि आम्ही तीन कुटुंबांनी मिळून संध्याकाळचे कार्पूल ठरवले आहे. धाकटीला व्हॉलीबॉल खेळायचा आहे. तिच्या ट्रायआउटचा निकाल काय लागेल ते सांगता येत नाही, आणि कट झालेल्या मुलीसाठी वीस हजार डॉलर भरून वर खिडकीत प्रेट्झेल विकण्याची माझी तयारी नाही. तिचे नाव गावच्या पब्लिक हायस्कूलमध्ये घालणार आहोत. ते घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.