सिफॅक्स हे औषध वापरून बघितलं, माशांच्या लाल डागांवर – ४ स्टार

निफाडकडची थंडी काय असते ते द्राक्षवाल्यांना सांगायला नको. आमचं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं आहे, बागेसाठीच केलेलं, प्लास्टिक कागदाचं, त्यात रहू, कटला, मृगळ आणि थोडे सायप्रिनस (कॉमन कार्प) सोडलेत. डिसेंबर संपता संपता मृगळ काठाला येऊन सुस्त पडायला लागले, अंगावर लाल डाग, आठवडाभरात डागाची जखम, दोन-तीन माशांचं तर आतलं मांस दिसायला लागलं.

दुकानात फोटो दाखवला तर गड्यानं धड न बघताच माशांच्या अंगावरच्या उवांचं औषध हातात दिलं, वर खाद्यात कालवायला अँटिबायोटिकची पुडी. दोन्ही करून झालं, मासे मरायचे ते मरतच होते. परत गेलो तर आता हिरवी पावडर काढली, मॅलाकाइट ग्रीन! खायच्या माशाला ते चालत नाही एवढं माहीत होतं म्हणून वाचलो, नाहीतर टाकून मोकळा झालो असतो.

शेवटी मित्राचा भाचा मत्स्य कॉलेजला आहे त्याला बोलावलं. त्यानं अर्धमेला मृगळ घेतला, जखमेच्या कडेखालचं चिमूटभर मांस दोन काचपट्ट्यांत दाबलं आणि मायक्रोस्कोपखाली मलाच बघायला लावलं. फांद्या फुटलेले धागे, मध्ये कुठं पडदा नाही. हा ईयूएस, म्हणजे माशांच्या जखमांचा साथीचा रोग, जंतूचं नाव ॲफॅनोमायसिस इनव्हॅडन्स. दिसतो बुरशीसारखा पण खरी बुरशी नाही, म्हणजे आपल्या द्राक्षावरच्या डाऊनी रोगाच्या जंतूचा चुलतभाऊच म्हणा ना. अँटिबायोटिक त्याला काय करणार, ते फार तर जखमेत नंतर घुसणाऱ्या बॅक्टेरियाला. (चुलतभाऊ आहे म्हणून डाऊनीचा उरलेला स्प्रे तळ्यात ओतायच्या भानगडीत पडू नका, त्यातल्या तांब्यानं मासे आधी मरतील.)

मला नवल वाटलं ते सायप्रिनसचं. त्याच पाण्यात, पण एकालाही डाग नाही! भाचा म्हणाला त्याचं शरीर धाग्याभोवती पेशींचं वेटोळं घालून त्याला जागच्या जागी कोंडून टाकतं, चिलापीलाही (तिलापिया मासा) हा रोग सहसा होत नाही. मृगळला ते वेळेत जमत नाही आणि थंडीत तर नाहीच, कारण माशाचं अंग पाण्याइतकंच गार, पाणी २० अंशांच्या आसपास आलं की त्याची प्रतिकारशक्ती ढेपाळते आणि या जंतूला तेच पाणी मानवतं. हा रोग भारतात आला १९८८ मध्ये, तेव्हापासून हिवाळा आला की कुठं ना कुठं डोकं काढतोच.

आता औषधाचं. सिफॅक्स हे भुवनेश्वरच्या सिफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेनं खास याच रोगासाठी काढलंय. डोस एक हेक्टर पाणी एक मीटर खोल असेल तर १ लिटर. दुकानदार म्हणाला अर्धी बाटली ओता, मी हिशोब केला, तळं काठोकाठ भरलं तरी उतार धरून साधारण २२०० घनमीटर, तेव्हा दीड हजारच होतं, म्हणजे १५० मिली बास. बादलीत पातळ करून सकाळी ऊन आल्यावर सगळीकडं शिंपडलं. चार दिवसांत नवीन डाग थांबले, आठव्या-नवव्या दिवशी जखमांच्या कडा भरत आल्या, मासे खाद्याला वर यायला लागले. ज्यांचं मांस उघडं पडलं होतं ते मात्र गेलेच.

चारच स्टार का, तर त्याच आठवड्यात थंडीही ओसरली. पाणी तापलं की मासा स्वतःच लढायला लागतो, त्यामुळं किती श्रेय बाटलीचं आणि किती उन्हाचं हे मी छातीठोक सांगणार नाही. बाटली पाण्यातला जंतू आवरते, जखम भरायची ती माशालाच भरावी लागते, असं मला तरी दिसलं. म्हणून वाट बघू नका, पहिला लाल डाग दिसला की टाका, पण आधी उवा नाहीत ना ते भिंगानं बघा, उवा चपट्या असतात आणि अंगावर सरकताना दिसतात.

आणि बाटली मला १ लिटरचीच मिळाली, छोटी नव्हतीच. आमच्यासारख्या एका शेततळ्याला १५० मिली लागतं आणि पैसे पूर्ण लिटरचे. उरलेलं शेजारच्या दोघांनी वाटून घेतलं, पैसे अजून यायचेत.